दाबताना उजवीकडे, सोडताना डावीकडे

पहिल्यांदा जाणवलं ते हातांना. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले म्हणून मी ब्रेक मारला आणि स्टिअरिंगवरचा उजवा हात हलकेच खाली ओढला गेला, लहान मूल बाही धरून ओढतं तसा. मी स्टिअरिंग सरळ केलं, गाडी थांबली, सिग्नल सुटला आणि मी विसरून गेलो. हे विसरणं साधारण दहा दिवस चाललं. गाडी बारा वर्षांची. तिच्या बारीकसारीक कुरबुरी आता कानाआड करायची सवय झालेली. मनात म्हटलं, रस्त्याला उतार असेल.

हे उत्तर अगदीच खोटं नसतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता ठेवलेला असतो, त्यामुळे स्टिअरिंग मोकळं सोडलं तर ठणठणीत गाडीही थोडी कडेला सरकते. पण माझी गाडी कडेला नाही, रस्त्याच्या मध्याकडे जात होती. म्हणजे चढाच्या बाजूला. हे लक्षात आलं त्या दिवशी उताराची सबब संपली.

अकराव्या दिवशी पाऊस पडून गेलेला, समोर एक सायकलवाला आडवा आला. मी ब्रेक जोरात दाबला आणि गाडी सरळ दुसऱ्या बाजूच्या रांगेकडे निघाली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. त्या संध्याकाळी मी एक वही काढली.

वहीचा उद्देश एकच होता, स्वतःच्या समजुतींवर विश्वास न ठेवणं. सकाळी लवकर एका मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर गेलो. ताशी ४०च्या वेगाने, स्टिअरिंगला बोटं नुसती टेकवून, वेगवेगळ्या तऱ्हेने ब्रेक मारून पाहिले. आधी ब्रेक न मारता, नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडून. गाडी दोरी धरल्यासारखी सरळ. मग ब्रेक अगदी हळूहळू दाबत नेला, तर जवळजवळ सरळच. मग झटकन दाबला. उजवीकडे हिसका, आणि तसाच दाबून धरला तर सेकंदा-दोन सेकंदांत गाडी पुन्हा सरळ. मग तोच रस्ता उलट दिशेने. तिथेही उजवीकडेच, म्हणजे रस्ता निर्दोष.

हे सगळं मी व्यवस्थित लिहून ठेवलं. ‘झटकन दाबल्यावर जास्त, धरून ठेवल्यावर कमी’ हे वाक्यही त्यात आहे. उत्तर खरं तर त्याच ओळीत होतं. ती ओळ मी लिहिली, तिच्याखाली रेघ मारली आणि पुढचे तीन आठवडे तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सगळ्यात स्वस्त तपासणी आधी, म्हणून टायर. हवा मोजली तर पुढच्या डाव्यात २७ आणि उजव्यात ३२. मला अगदी हायसं वाटलं. हवा कमी असलेलं चाक जड फिरतं आणि गाडी त्या बाजूला झुकते हे माहीत होतं. पण माझी गाडी तर जास्त हवा असलेल्या बाजूला जात होती, हे त्या आनंदात डोक्यातच आलं नाही. दोन्ही सारखे केले. फरक शून्य. मग पुढची दोन चाकं आपसात बदलली, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. (ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो ते असे बदलायचे नसतात, माझ्यावर बाण नव्हता.) दोष टायरमध्ये असता तर ओढही बाजू बदलती. तिने बाजू बदलली नाही. टायर सुटले.

पुढचा मुक्काम गॅरेज. मिस्त्रींनी गाडी फिरवून आणली आणि उतरता उतरताच निदान केलं, “साहेब, उजवीकडे ओढते ना, मग उजवाच ब्रेक धरतोय.” ऐकायला इतकं सरळ की मीही मान डोलावली. उजवं चाक काढलं, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड काढून पॉलिश पेपरने घासले, ते पॅड धरणारा कॅलिपर साफ केला, चाक परत बसवलं. वर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, तेही करून घ्या म्हणाले, तेही केलं. अलाइनमेंटच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे आले, आणि घरी येताना पहिल्याच वळणावर गाडीने उजवीकडे हिसका दिला.

अलाइनमेंटला हात घालायला नको होता असं नाही, पण नुसती धावताना सरळ जाणारी गाडी ब्रेक मारल्यावरच वाकडी होत असेल तर अलाइनमेंट हा पहिला संशयित नव्हे. आणि मिस्त्रींच्या वाक्यात अर्धी गोष्ट खरी होती. उजवा ब्रेक धरत होताच. तो त्याचं कामच करत होता. प्रश्न असा विचारायला हवा होता की डावा का धरत नाही? बैलगाडीचा एक बैल थांबला आणि दुसरा चालत राहिला तर गाडी थांबलेल्या बैलाच्या बाजूला वळते. चालत राहणाऱ्याला कुणी पाहत नाही. ब्रेक मारल्यावर गाडी ज्या बाजूला जाते ती बाजू बहुतेक वेळा चांगली असते आणि खोट समोरच्या बाजूला असते. उलटा प्रकार, म्हणजे त्याच बाजूचा ब्रेक कायमचा चिकटलेला असणं, हाही घडतो. पण मग ब्रेक न मारतासुद्धा गाडी थोडी ओढते आणि मोकळी सोडली की लवकर मंदावते. माझ्याकडे तसं काही नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

इथून पुढे काम मी स्वतःच्या हातात घेतलं. ब्रेकचं काम घरी करावं की नाही यावर दोन मतं आहेत, आणि ‘करू नये’ म्हणणाऱ्यांचं मत मला आजही पटतं. मी याआधी पॅड बदललेले होते, माझ्याकडे टॉर्क पाना आणि दोन चांगले स्टँड होते, एवढीच माझी पात्रता. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि वजन जॅकवर नाही तर स्टँडवर. जॅकवर तोललेल्या गाडीखाली हात घालणं म्हणजे दैवावर हवाला.

डावं चाक काढलं. पॅड मोजले. आतला ४ मिलिमीटर, बाहेरचा ५. उजव्या बाजूचे दोन्ही ६. हेही वहीत गेलं. जो ब्रेक कमी काम करतो म्हणून मी त्याच्या मागे लागलो होतो त्याचेच पॅड जास्त झिजलेले होते, आणि मला यात काहीच खटकलं नाही. मला दिसला तो फक्त आतल्या-बाहेरच्यातला १ मिलिमीटरचा फरक, कारण त्याचं स्पष्टीकरण मला तोंडपाठ होतं.

ते स्पष्टीकरण असं. माझ्या गाडीसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या कॅलिपरला पिस्टन एकच असतो, आतल्या बाजूला. ब्रेक ऑइलच्या दाबाने तो पुढे येऊन आतला पॅड डिस्कवर टेकवतो. त्याच्या उलट धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून मागे सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना कोरड्या पडल्या, गंजल्या, की कॅलिपर सरकत नाही. सगळा भार आतल्या पॅडवर येतो आणि तो लवकर झिजतो. मी पिना ओढून पाहिल्या. वरची लोण्यासारखी सरकली. खालची निघेना. पिळून पिळून बाहेर काढली तर तिच्यावर जुनं ग्रीस काळ्या डिंकासारखं चिकटलेलं.

सापडलं! असं मी मोठ्याने म्हणालो सुद्धा. पिन घासली, भोक साफ केलं, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं. साधं पेट्रोलियमचं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबरी बूट फुगतात आणि पिन पुन्हा जाम होते. वरची आणि खालची पिन सारखी दिसली तरी एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. त्यांची अदलाबदल करायची नसते. मग पिस्टन आत ढकलायला घेतला. जुना पॅड आडवा धरून सी क्लॅम्पने आवळत गेलो. पिस्टन जात होता, पण अगदी सावकाश, दम खात. क्लॅम्प अर्धा फेरा फिरवावा, थांबावं, मग तो हळूच सैल पडावा, मग पुन्हा अर्धा. पिस्टनवर गंज नव्हता, धूळ अडवणारं रबरी बूट शाबूत होतं. तरी मी ठरवून टाकलं की जुना पिस्टन आहे, जड जाणारच. उजव्या बाजूचा ढकलून तुलना केली असती तर पाच मिनिटं गेली असती आणि पुढचे कित्येक दिवस वाचले असते.

सगळं बसवून गाडी सुरू करण्याआधी पेडल दोन-चार वेळा दाबून घट्ट करून घेतलं. हे विसरलं तर पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं, कारण मागे ढकललेला पिस्टन अजून पॅडपर्यंत आलेलाच नसतो. मग चाचणी. ओढ कमी झाली होती. गेली नव्हती.

अर्धवट बरं होणं हा निदानातला सगळ्यात वाईट प्रकार. काहीच फरक पडला नसता तर मी दुसरीकडे वळलो असतो. थोडा फरक पडल्यामुळे मी त्याच दोषाच्या मागे आणखी आठवडाभर राहिलो. पॅडवर तेल पडलंय का पाहिलं, कारण एका बाजूच्या पॅडला ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लागलं तर ती बाजू घसरते आणि असा पॅड घासून सुधारत नाही, बदलावाच लागतो. पॅड कोरडे होते. डिस्कची जाडी मोजली. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, दोन्ही त्याहून बऱ्याच जाड. चाकाला खालून धरणाऱ्या आर्मच्या रबरी बुशांना पहार लावून चाक पुढे-मागे हलवून पाहिलं. ही तपासणी मला स्वतःला फार आवडते, कारण हा दोष फसवा असतो. मागचा बुश फाटलेला असेल तर ब्रेक मारल्यावर चाक मागे सरकतं, त्याची दिशा किंचित बदलते आणि गाडी वळते. ब्रेकमध्ये काहीच खोट नसते आणि लोक मात्र कॅलिपर बदलत बसतात. बुश चांगले निघाले. बॉल जॉइंट घट्ट. मागची चाकं फिरवून, हँडब्रेकच्या एकेका दात्यावर दोन्ही सारखी आवळतात का पाहिलं, सारखी होती. मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रमच्या आतून तेलाचा ओघळ नाही.

एके रविवारी गाडी बायको चालवत होती. मी शेजारी बसून छताकडे बघत विचार करत होतो.

“ही सोडताना पण ओढते,” ती म्हणाली.

“सोडताना नाही, दाबताना. उजवीकडे.”

“दाबताना उजवीकडे, ते तू रोज सांगतोस. मी सोडतानाचं सांगतेय. ब्रेकवरचा पाय काढला की डावीकडे जाते.”

“तू स्टिअरिंग उजवीकडच्या ओढीला तोललेलं असतंस, पाय काढला की तोल सुटतो,” मी ऐटीत सांगितलं.

तिने काही उत्तर दिलं नाही. पुढच्या मोकळ्या पट्ट्यावर तिने ब्रेक मारला, सोडला आणि त्याच क्षणी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मला दाखवले. गाडी डावीकडे गेली. दोन-तीन सेकंद तशीच जात राहिली आणि मग, कुणीतरी पकड सोडावी तशी, सरळ झाली.

मी स्वतः चालवताना हे कधी टिपलं नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष दाबण्याकडे होतं. ब्रेक सोडला की माझ्या लेखी प्रयोग संपायचा.

त्या दिवशी घरी आल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटर काढला. बंदुकीसारखा असतो, रोखायचा आणि आकडा वाचायचा. यात एक खाच आहे. डिस्कचा घासून चकचकीत झालेला भाग उष्णता नीट सोडत नाही आणि यंत्र खूप कमी तापमान दाखवतं, म्हणून मधल्या गंजट टोपीवर, दोन्ही बाजूंना अगदी त्याच जागी रोखलं. उजवी ६८ अंश सेल्सियस. डावी ११५.

मी थर्मामीटर झटकून पुन्हा रोखला. ११४.

आता मात्र डोकं फिरायची वेळ आली. गाडी उजवीकडे जाते म्हणजे डावा ब्रेक कमी लागतो. कमी लागणारा ब्रेक थंड हवा. आणि इथे डावाच जास्त तापलेला. मागची पानं उलटली तर पॅडचे आकडेही तेच ओरडत होते, डावे जास्त झिजलेले. एकच ब्रेक कमीही लागतो आणि जास्तही लागतो?

वहीतली रेघ मारलेली ओळ तेव्हा दिसली. झटकन दाबल्यावर जास्त, धरून ठेवल्यावर कमी. तिच्याखाली नवीन ओळ लिहिली: सोडल्यावर डावीकडे, मग सरळ. दोन्ही एकाखाली एक आल्यावर शाळेतल्या पास्कलची आठवण झाली. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. नियम बरोबरच आहे, पण दाब पोचायला थोडं तरी तेल पुढे सरकावं लागतं, आणि वाट अरुंद असेल तर त्याला वेळ लागतो. डावा ब्रेक कमी लागत नव्हता. तो उशिरा लागत होता. आणि उशिरा सुटत होता. तेल जातानाही अडत होतं, येतानाही अडत होतं. दाबताना उजवा आधी धरतो म्हणून गाडी उजवीकडे. सोडताना उजवा आधी मोकळा होतो म्हणून डावीकडे. आणि प्रत्येक ब्रेकनंतर डावा दोन-तीन सेकंद उगाच घासत राहतो म्हणून तो तापतो, झिजतो. पिस्टन आत ढकलताना दम खात का जात होता तेही कळलं. पिस्टन जड नव्हता, त्याच्या मागचं तेल परत जायला वाट नव्हती.

वाट म्हणजे रबरी होज. चाक वळतं, वर-खाली होतं, म्हणून लोखंडी ब्रेक पाइप कॅलिपरपर्यंत नेता येत नाही. शेवटचा वीतभर तुकडा लवचिक लागतो. बाहेरून तो जाड दिसतो, पण त्याच्या आतली नळी अगदी बारीक. वर्षांनुवर्षं दाब, उष्णता आणि ब्रेक ऑइल सोसून आतलं अस्तर सुटतं, फुगतं, कधी त्याची सुटी जीभ होऊन झडपेसारखी लटकते. बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही. माझी होज मी वाकवून, चिमटून, बॅटरीच्या उजेडात पाहिली होती. भेग नाही, फुगवटा नाही, ओल नाही. वहीत तिच्यापुढे ‘ठीक’ असं लिहिलेलं होतं.

पण या वेळी अंदाजावर सुटे भाग आणायचे नाहीत असं ठरवलं. पुढची दोन्ही चाकं अधांतरी, गियर न्यूट्रलला. बायकोने ब्रेक जोरात दाबून सोडला. उजवं चाक लगेच हाताने फिरलं. डावं जाम. मोजत राहिलो. बारा सेकंदांनी ते कुरकुरत सैल झालं. (रस्त्यावर दोन-तीन आणि इथे बारा, कारण इथे ब्रेक फार जोरात आणि बराच वेळ दाबला होता.) परत दाबून सोडायला सांगितलं, आणि या वेळी कॅलिपरवरचं, तेलातली हवा (एअर) काढायचं निपल पाव फेरा सैल केलं. तेलाची एक बारीक चिळकांडी नळीतून बाटलीत गेली आणि चाक त्याच क्षणी मोकळं फिरलं. म्हणजे पिस्टन आणि पिना निर्दोष. कॅलिपर जाम असता तर तेल काढूनही चाक सुटलं नसतं. दाब आत कोंडला जात होता.

कोंडणारा कोण, एवढंच उरलं. होजच्या वरच्या बाजूला, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की तेलाला दाब देणारा भाग) किंवा एबीएसच्या (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) ठोकळ्यातही तेल अडू शकतं. माझ्या गाडीत ब्रेकच्या दोन वाटा तिरप्या आहेत, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका वाटेवर. मागचं उजवं सोडल्याबरोबर मोकळं होत होतं, म्हणजे मास्टर सिलिंडरवरचा संशय पातळ झाला. खात्रीसाठी होजच्या वरच्या टोकाला, जिथे लोखंडी पाइप येऊन मिळतो, तिथे पाना आधीच लावून ठेवला. ब्रेक दाबला, सोडला, नट सैल केला. अडथळा वर असता तर चाक तिथेच सुटलं असतं. ते जामच राहिलं, आणि मग आपल्या नेहमीच्या सावकाश चालीने सुटलं. आता होजखेरीज कुणी उरलंच नाही.

बदलण्याचं काम त्या मानाने साधं, एक नट सोडला तर. तो लोखंडी पाइपचा नट मऊ असतो, गंजलेला असतो आणि साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात. मग पूर्ण पाइप बदलायची पाळी येते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं आणि फ्लेअर नटचा पाना वापरला, जो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो. होज दोन्ही बाजूंच्या आणल्या. ब्रेकचा कुठलाही भाग एकाच बाजूचा बदलला तर डाव्या-उजव्यात पुन्हा फरक राहण्याची भीती, आणि उजवी होजही त्याच वयाची होती. कॅलिपरच्या बोल्टला तांब्याचे दोन नवे वॉशर. होजला पीळ पडलेला नाही हे तिच्यावरच्या लांब रेघेवरून पाहिलं, मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ती टायरला किंवा कुठल्या कडेला घासत नाही याची खात्री केली.

मग एअर काढणं. हे दोघांचं काम आणि दोघांच्या संयमाची परीक्षा.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव… आत जातंय ना? जाऊ दे. तळाला धर.” निपल बंद. “सोड.”

असं वीस-पंचवीस वेळा. एकदा मी निपल बंद करण्याआधीच तिने सोडलं आणि नळीतून बुडबुडे उलटे आत गेलेले मला दिसले. पुन्हा पहिल्यापासून. मधे मधे बॉनेट उघडून टाकीत तेल भरत राहायचं. टाकी रिकामी होऊ दिली तर हवा एबीएसपर्यंत जाते आणि मग काही गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही. निघालेलं जुनं तेल गर्द तपकिरी होतं. झाकणावर लिहिलेलं होतं डॉट ४, तेच भरलं. हे तेल हवेतला ओलावा शोषत राहतं. नवं असताना डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओलावा शोषलेल्याला १५५ची मुभा आहे. म्हणूनच ते साधारण दोन वर्षांनी बदला म्हणतात. मी शेवटचं कधी बदललं होतं हे वहीत लिहिलेलं नाही, आणि इथेही लिहीत नाही. थोडं तेल मडगार्डवर सांडलं, ते लगेच पाण्याने धुतलं, नाहीतर रंग उचलून येतो.

जुनी डावी होज मी टाकली नाही. सुईच्या सिरिंजने तिच्यातून तेल ढकलून पाहिलं, अंगठा दुखेपर्यंत दाबल्यावर थेंब थेंब. उजवीतून सहज धार. मग ती पात्याने उभी चिरली. वरच्या टोकापासून तीन बोटांवर आतलं अस्तर फुगून मिटलेलं होतं, आणि नेमकी त्याच जागी बाहेरच्या रबरावर एक बुजलेली, आडवी मुडप. ती मुडप मी ओळखली. चार वर्षांपूर्वी पॅड बदलताना कॅलिपर बांधून ठेवायला तार सापडली नव्हती, म्हणून डावा कॅलिपर मी तासभर होजवरच लोंबकळत ठेवला होता. उजवीकडे पोचेपर्यंत तार सापडली होती. मिस्त्रींना मनातल्या मनात जे काही बोललो होतो त्यातलं बरंचसं परत घ्यावं लागलं.

चाचणी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, त्याच ४०च्या वेगाने. हळू, झटकन, दाबून धरून, आणि आता वहीत नवीन रकाना, सोडताना. चारही वेळा गाडी सरळ. शेवटचा ब्रेक बायकोने मारला आणि हात उचलून दाखवले. दहा किलोमीटरनंतर डिस्क मोजल्या: उजवी ७१, डावी ७३.

गाडी लावल्यावर हात धुण्याआधी मागच्या चाकांपाशी वाकून बॅटरी मारली. मागच्या दोन्ही होजवर छापलेलं वर्ष गाडीइतकंच जुनं आहे. त्या पुढच्या महिन्यात.